शेवळं पहिल्यांदा करताना: घशाला खाज येऊ नये म्हणून काय काय सांभाळायचं

मृगाचा पहिला पाऊस पडला की ठाणे, कल्याण, पनवेल, पेण, अलिबागच्या बाजारात आदिवासी बायका शेवळांच्या, म्हणजे या पावसाळी रानभाजीच्या, जुड्या घेऊन बसतात. शेजारीच हिरव्या, गोल, छोट्या आवळ्यासारख्या फळांचा वाटा असतो. ती काकडं. जुडी घेतली आणि काकडं विसरली, की निम्मी भाजी तिथेच बिघडली. बाजारात दोन्ही एकत्र मिळतात, कारण दोन्ही एकत्रच शिजवायची असतात.

शेवळं पाहून नवखा माणूस बिचकतो. जांभळट तपकिरी रंगाचा, टोकदार, गुंडाळलेला कोंब, त्याखाली ठिपकेदार देठ. त्यात कोणीतरी सांगितलेलं असतं की घसा धरतो, जीभ सुजते. सांगणारा खोटं बोलत नसतो. कच्ची किंवा अर्धकच्ची शेवळं खाल्ली तर तोंडात सुया टोचल्यासारखं होतं आणि तास दोन तास ते जात नाही. पण नीट साफ केलेली, आंबटात पुरती शिजवलेली शेवळं खाजत नाहीत. चवीला ती मातकट, अळंब्यांच्या जवळची आणि दाताखाली थोडी मांसल लागतात. सीकेपी घरांत आणि उत्तर कोकणात या भाजीची वर्षभर वाट पाहतात ती उगाच नाही.

खाज येते कुठून

शेवळं सुरणाच्या कुळातली, वनस्पतीशास्त्रात अमॉर्फोफॅलस कम्युटेटस. आपण खातो तो या कंदाचा फुलोरा. पान नंतर येतं. या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक जुड्याजुड्यांनी असतात. चावलं की पेशी फुटते, सुया मोकळ्या होतात आणि जीभ, टाळू, घसा यांच्या मऊ त्वचेत घुसतात. त्यांच्या जोडीला झोंबणारी प्रथिनंही असतात. प्रथिनं उष्णतेने निकामी होतात. सुया मात्र पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. म्हणून नुसत्या पाण्यात उकळून पाणी ओतून दिलं तरी खाज राहू शकते. म्हणूनच सगळीकडच्या स्वयंपाकात अशा भाज्यांना आंबटाची जोड आहे: शेवळांना काकडं, अळूला चिंच किंवा चुका, सुरणाला आमसूल.

निवड

बंद, घट्ट गुंडाळलेली शेवळंच घ्या. उमललेलं शेवळ घेऊ नका. फुलोरा उघडला की त्याला कुजल्यासारखा वास सुटतो. माश्या आणि किडे ओढायची ती त्याची रीत आहे, आणि तो वास शिजवूनही पूर्ण जात नाही. देठ दाबून पाहा. टणक आणि रसदार हवा, पोकळ किंवा लिबलिबीत नको. घरी आणल्यावर दोन दिवसांच्या आत करा. फ्रीजमध्ये ठेवली तरी फुलोरा हळूहळू उघडत राहतो.

रानात जाऊन स्वतः तोडायच्या फंदात पहिल्या वर्षी पडू नका. याच दिवसांत त्याच डोंगरउतारावर सापकांदा उगवतो. त्याचं फूल फणा काढलेल्या नागासारखं असतं, पण कोंब लहान असताना ओळख पटवणं अवघड जातं, आणि तो खाण्याचा नाही. ज्यांच्या घरात ही भाजी पिढ्यानपिढ्या खुडली जाते त्यांच्याकडून विकत घ्यावी, आणि साफ कशी करायची तेही त्यांनाच विचारावं. त्या आनंदाने एक शेवळ सोलून दाखवतात.

साफ करणं: इथे घाई नको

हात पूर्ण कोरडे करून बोटांना आणि मनगटापर्यंत गोडं तेल किंवा खोबरेल चोळा. हातमोजे असतील तर उत्तम. ओल्या हाताने चिरायला बसलात तर चीक हातावर पसरतो. साफ करताना डोळे, नाक, ओठ यांना हात लावायचा नाही.

एक शेवळ हातात घ्या. बुंध्याशी कागदासारखे पातळ पापुद्रे असतात, ते ओढून टाका. आता वरचं जांभळट वेष्टण उलगडा. आत एक उभा दांडा दिसेल आणि त्याचे तीन भाग सहज ओळखू येतील. सगळ्यात वर लांबट, गुळगुळीत, गडद तपकिरी भाग. त्याच्या खाली पिवळसर, दाणेदार पट्टा. त्याच्याही खाली बारीक ठिपक्यांसारखी फुलं. पिवळा दाणेदार पट्टा आणि खालची बारीक फुलं पूर्ण कापून टाका. सगळ्यात जास्त खाजरं तेच. एका शेवळात राहिलेला बोटाच्या पेराएवढा पिवळा भाग अख्ख्या पातेल्याला खाजरं करू शकतो, म्हणून प्रत्येक शेवळ उलगडून पाहायचं. वरून अंदाजाने कापायचं नाही.

ठेवायचं काय? वरचा तपकिरी भाग आणि वेष्टण. कोवळा देठ काही घरांत घेतात, काही घरांत टाकतात. पहिल्यांदा करताना टाकून द्या. उरलेलं सगळं अगदी बारीक चिरा, कोथिंबिरीइतकं. जाड तुकडा आतून कच्चा राहिला की तेवढाच घास खाजतो, आणि मग सगळी भाजी बदनाम होते.

काकडांचं पाणी

काकडाची फळं धुऊन वरवंट्याने किंवा बत्त्याने ठेचा, बिया काढा. गर मिक्सरमध्ये एक वाटी पाणी घालून वाटा आणि गाळण्यातून दाबून रस काढा. चोथा टाका. चव आंबट तुरट असते, आणि तो तुरटपणा भाजीत उरतो. म्हणून काकडं वाट्टेल तितकी घालू नयेत. वीस बावीस शेवळांना बारा ते पंधरा पुरतात.

काकडं मिळालीच नाहीत तर लिंबाएवढ्या दोन गोळ्यांचा चिंचेचा घट्ट कोळ, किंवा एका मोठ्या आंबट कैरीचा कीस आणि सोबत सात आठ आमसुलं. भाजी खाण्याजोगी होते, पण काकडांची चव वेगळीच असते. ती भरून निघत नाही.

शिजवणं

चौघांसाठी साहित्य: शेवळं २० ते २२ (साफ करून, चिरून साधारण अडीच ते तीन वाट्या), वरचं काकडांचं पाणी, चिंचेचा कोळ २ मोठे चमचे, कांदे २, आलं लसूण वाटण १ मोठा चमचा, हळद अर्धा चमचा, तिखट २ चमचे, गरम मसाला १ चमचा, अर्ध्या नारळाचं भाजलेलं वाटण, तेल ६ मोठे चमचे, मीठ. सोबतीला सोललेली कोळंबी १ वाटी, किंवा भिजवून धुतलेले सोडे (सुकवलेली कोळंबी) अर्धी वाटी. शाकाहारी करायची तर वालाचं बिरडं १ वाटी, मोड आणून सोललेलं.

१. जाड बुडाच्या कढईत ३ मोठे चमचे तेल तापवा. चिरलेली शेवळं घालून मध्यम आचेवर ८ ते १० मिनिटं परता. आधी पाणी सुटतं, मग ते आटतं आणि शेवळं निम्मी होतात, रंग काळपट होतो. तेल हात आखडून घालू नका. कोरड्या कढईत शेवळं तळाला लागतात, वरून काळी होतात आणि आत कच्ची राहतात.

२. काकडांचं पाणी, चिंचेचा कोळ, अर्धा चमचा मीठ आणि एक वाटी गरम पाणी घाला. झाकण ठेवून मंद आचेवर २० ते २५ मिनिटं शिजवा. मधे दोन तीनदा ढवळा, पाणी आटलं तर गरमच घाला. चमच्याने दाबल्यावर तुकडा सहज चिरडला पाहिजे. कुकरमध्ये याच मिश्रणाच्या तीन शिट्ट्या करता येतात, पण पुढची परीक्षा तरीही करायचीच.

३. आता थांबा. खोबरं, कोळंबी, मसाला काहीही न घालता चाखून बघायची वेळ ही आहे. अर्धा चहाचा चमचा भाजी गार करा, खालच्या ओठाच्या आत ठेवा, हळूच दाताने दाबा, मिनिटभराने थुंकून टाका. दहा मिनिटं वाट पाहा. खाज लगेचच येते असं नाही, कधी पाच सात मिनिटांनी चढते. दहा मिनिटांत काही झालं नाही तर पुढे जा. थोडंही चुणचुणलं तर अजून दोन चमचे चिंचेचा कोळ आणि पाऊण वाटी पाणी घालून आणखी १५ मिनिटं शिजवा आणि पुन्हा तपासा.

शिजण्याआधी मीठ बघायला म्हणून चाखणं मात्र कटाक्षाने टाळा. कच्च्या शेवळांची चव घेतलेला माणूस पुढची भाजी कितीही चांगली झाली तरी खात नाही.

४. दुसऱ्या भांड्यात उरलेल्या तेलात कांदा गुलाबी परता. आलं लसूण, हळद, तिखट घाला. बिरडं घालणार असाल तर आत्ताच घालून अर्धवट शिजवून घ्या, कारण आंबटात कडधान्य लवकर शिजत नाही. सोडेही आत्ताच परता. मग शिजलेली शेवळं, खोबऱ्याचं वाटण, गरम मसाला, लागेल तसं मीठ घाला. ओली कोळंबी सगळ्यात शेवटी, पाच सहा मिनिटं पुरतात. आधी घातली तर चामट होते.

शेवळं आणि वाटण एकदमच चढवायची घाई बरेच जण करतात. मग भाजी खाजली तर अडकायला होतं. अजून शिजवावी तर खोबऱ्याला तेल सुटून रस्सा फाटतो आणि कोळंबी आक्रसते. आधी शेवळांचा निकाल लावावा, मग बाकीचं.

पहिल्यांदा खाताना

ज्याने कधीच खाल्ली नाहीत त्याला दोन तीन चमचेच वाढा, तांदळाच्या भाकरीबरोबर किंवा गरम भाताबरोबर. पहिला घास छोटा घ्यावा, सावकाश चावावा, आणि पाच मिनिटं दुसरं काहीतरी खावं. सोबत सोलकढी असावीच. चव आवडली नाही तर आग्रह करू नये. तुरटपणा अंगवळणी पडायला एखादा मोसम लागतो. लहान मुलांना पहिल्या वर्षी न दिलेली बरी. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी ऑक्झलेटमुळे या भाजीपासून दूर राहावं किंवा आधी डॉक्टरांना विचारावं.

घसा खाजलाच तर घटाघट साधं पाणी पिऊन फारसा उपयोग होत नाही. तोंडातलं थुंका, चूळ भरा, आमसूल किंवा चिंच चघळा, मग गार दही किंवा सोलकढी घोट घोट घ्या. साधारण तास दोन तासांत उतरतं. हाताला खाज आली तर आधी कोरड्या हातावर चिंच किंवा तेल चोळा, नंतर साबण लावा. डोळ्यात गेलं तर १५ मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवत राहा आणि डॉक्टरांना दाखवा. ओठ किंवा जीभ सुजायला लागली, गिळताना त्रास झाला, आवाज बसला किंवा श्वास अडकायला लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

शेवळांची धास्तीच वाटत असेल तर

सुरणापासून सुरुवात करा. बाजारात मिळणारी ‘गजेंद्र’ जात फारशी खाजत नाही. गावठी सुरण मात्र खाजरा असू शकतो. अर्धा किलो सुरणाची साल जाड काढा, दोन सेंटीमीटरच्या फोडी करा, सहा सात आमसुलं आणि मीठ घातलेल्या पाण्यात १५ मिनिटं उकळा, पाणी फेका, मग फोडी तुपात परता. उपासालाही चालतात.

त्यानंतर अळू. काळ्या देठाचं अळू वडीला घेतात. पानाची जाड शीर लाटण्याने दाबून किंवा तासून काढायची आणि बेसनात चिंचेचा कोळ भरपूर घालायचा. वडी खाजते ती बहुतेक वेळा चिंच कमी पडल्यामुळे किंवा उंडा (पानांची गुंडाळी) मधोमध कच्चा राहिल्यामुळे. उंडे २० ते २५ मिनिटं वाफवा, मधल्या उंड्यात सुरी घालून पाहा. फतफत्यात, म्हणजे अळूच्या पातळ भाजीत, अळूच्या जोडीला चुका घातला की आंबटाचं काम तोच करतो. कोकणात परसात आपोआप उगवणारं तेरं याच वाटेने जातं, फक्त त्याला अळूपेक्षा जास्त आंबट आणि जास्त वेळ लागतो.

साठवण

शेवळांचा मोसम दोन तीन आठवड्यांचा. पुढच्यासाठी ठेवायची असतील तर दुसऱ्या पायरीपर्यंत शिजवून, चाखून खात्री करून, पूर्ण गार करा आणि एका वेळेला लागतील एवढ्या छोट्या डब्यांत फ्रीझरमध्ये ठेवा. गणपतीपर्यंत छान राहतात. कच्ची चिरून ठेवू नका, काळी पडतात. वापरताना डबा बाहेर काढून सरळ कढईत, एक चमचा चिंचेचा कोळ आणि अर्धी वाटी पाणी घालून दहा मिनिटं उकळा, आणि चौथ्या पायरीपासून पुढची भाजी करा.