आजोबा लढाईवरून परत आले, तिथून घराण्याची कादंबरी लिहायची तर

आधी तहसील कचेरीतून वाडीचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीचा हक्क कोणाकडून कोणाकडे गेला त्याच्या नोंदी, काढा, कारण १९४५ ला लढाई संपून माणूस इटलीहून कोकणात आला तरी खरी गोष्ट त्यापुढेच आहे, १९४९ चा खोती, म्हणजे खोताने गावाचा सारा वसूल करायची कोकणातली पद्धत, रद्द करणारा कायदा, मग १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, कसणारा मालक झाला, हेच तुमचं कथानक.

मग आजीजवळ बसा. तारखा नका विचारू, ट्रंकेत काय होतं ते विचारा. आमच्याकडे मिलिटरीचं खाकी ब्लँकेट निघालं, आजी त्यावर आमसुलं सुकवायची, लाल डाग अजून आहेत. असा एक सीन पहिला लिहा, सनावळी नंतर.

आणि कुळांच्या, म्हणजे तुमची जमीन कसणाऱ्यांच्या, घरी जाऊन त्यांचीही बाजू ऐका, प्लीज, त्याशिवाय ती गोष्ट अर्धीच राहते.