तूर फुलावर आली: सकाळची फवारणी थांबवा, सुट्टीत पोरांना भुंगे दाखवा

नागपूर जिल्ह्यातल्या हिंगणा, उमरेड, भिवापूर, कुही या पट्ट्यात तूर पिवळी होऊ लागली की त्याच सुमारास दिवाळीची सुट्टी लागते. दोन दिवस आभाळ भरून आलं की घाटेअळीच्या (फुलं-शेंगा खाणाऱ्या अळीच्या) धास्तीनं लोक कृषी केंद्रावर धावतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता पंप पाठीवर. नेमकं इथंच नुकसान होतं. तुरीच्या फुलावर भुंगे आणि माश्या येतात त्या ऊन चढल्यावर, सकाळी नऊपासून दुपारी तीन-चारपर्यंत. आठ वाजता मारलेलं औषध त्यांच्या वेळेला पाकळ्यांवर ओलं असतं.

म्हणून बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं पाळा: फुलावर आलेल्या तुरीत फवारणी दुपारी साडेचारनंतरच. कार्तिकात दिवस लवकर मावळतो, पाणी आणि पंप आधीच तयार ठेवा. एका संध्याकाळी अर्धंच वावर होत असेल तर अर्धंच करा, उरलेलं दुसऱ्या संध्याकाळी.

तुरीचं फूल बरंचसं स्वतःच्याच परागावर भागवतं, हे खरं आहे. तरी एकदा जवळ बसून बघा. काळा भुंगा, म्हणजे वाळक्या लाकडात घर करणारी मोठी माशी, फुलावर उतरतो, त्याच्या वजनानं फुलाची खालची होडीसारखी पाकळी दबते, आतले पुंकेसर उसळून त्याच्या पोटाला लागतात. तो पुढच्या फुलावर गेला की तिथंही हेच. माझा अंदाज असा की ज्या वावराच्या धुऱ्यावर (बांधावर) जुनी लाकडं, बांबू, बाभळी शिल्लक आहेत, तिथं शेंगांचे घोस जास्त भरतात. हे कुठं मोजून सिद्ध केलेलं नाही, पण वावरं फिरताना हेच दिसत आलं आहे.

वांगी, टमाटर आणि कोहळं लावणाऱ्यांना तर भुंगे-माश्या फार कामाच्या. वांग्याच्या परागकोशाला टोकाशी बारीक छिद्र असतं, पराग आत अडकलेला असतो. भुंगा तो कोश धरून अंग थरथरवतो, घुंऽऽ असा वेगळा आवाज येतो आणि पिवळी भुकटी त्याच्या पोटावर सांडते. मधमाशीला हे जमत नाही. मोबाईलवर पोरं जी केसाळ, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची बंबलबी बघतात, ती आपल्या देशात हिमालयाच्या थंड पट्ट्यात असते, काश्मीर-हिमाचलकडे. विदर्भाच्या उन्हात ती सापडायची नाही. इथं ते काम निळसर चमकत्या पंखांचा आपला काळा भुंगा करतो. पोरांना तोच दाखवा.

सुट्टीत पोरांकडून एक प्रयोग करून घ्या. कोहळ्याच्या वेलावर मादी फूल ओळखायला सोपं, पाकळ्यांखाली लहानसं फळ असतं. उद्या उमलेल अशी दोन कळ्या निवडा. एकीवर संध्याकाळीच मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधा, दुसरी उघडी ठेवा. सकाळी पोरांना उजाडतानाच उठवा, कारण कोहळ्याचं फूल तेव्हाच उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. पुढच्या काही दिवसांत बांधलेलं फळ पिवळं पडून गळतं. उघडं, माश्यांनी गाठलं असेल तर, धरतं. उघडंही गळालं, तर आसपास कोणी सकाळी फवारलं का, हे पोरांनाच विचारायला लावा.

दुसरं काम वहीचं. रोज दहाच्या सुमारास तुरीच्या एकाच ओळीजवळ दहा मिनिटं उभं राहायचं आणि कोण किती वेळा आलं ते लिहायचं: काळा भुंगा, पानकापी माशी, फुलोरी आणि सातेरी या मधमाश्या. आभाळ असेल तर तेही लिहायचं, कारण त्या दिवशी माश्या कमी फिरतात. फवारणीच्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवले की बापालाही बघावंसं वाटतं. चौथी-पाचवीतल्या पोरीच्या वहीतली रेघ जे पटवते, ते माझ्या भाषणानं पटलेलं मी पाहिलेलं नाही.

पोरांना हे सांगून ठेवा: भुंग्याच्या नराला नांगी नसते. मादीला असते, पण ती मुठीत धरल्याशिवाय सहसा डसत नाही. दोन हात लांबून बघायचं. आग्या मोहोळाच्या वाटेला मात्र जायचं नाही, दगड मारायचा नाही, त्याखाली धूर करायचा नाही. चावा घेतल्यावर तोंड सुजलं किंवा दम लागला तर तडक दवाखाना.

फवारणी चालू असताना पोरं वावरात नकोत. पाणी आणून द्यायलाही नकोत, डबे धुवायलाही नकोत. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर गेले, ते आपण विसरू नये. संध्याकाळी फवारलं तर दुसऱ्या दिवशीची मोजणी पोरांनी धुऱ्यावरूनच करावी, झाडाला हात न लावता.

आता औषधाचं. आभाळ आलं म्हणून फवारणी, हे चुकीचं. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात) सलग दोन-तीन रात्री ८ ते १० पतंग सापडले, किंवा झाडामागे सरासरी एक-दोन अळ्या दिसल्या, तरच.

– सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क (५ किलो निंबोळीचा अर्क, १०० लिटर पाणी)
– लहान अळ्यांवर एचएएनपीव्ही (घाटेअळीला मारणारा विषाणू), हेक्टरी ५०० एलई (बाटलीवर लिहिलेलं त्याचं माप). उन्हात जोर उतरतो, म्हणून संध्याकाळीच
– प्रादुर्भाव वाढलाच तर इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी, १० लिटर पाण्यात ४.४ ग्रॅम

इमामेक्टिन माश्यांना घातक आहे. डबीवरचा त्रिकोण हिरवा असो की निळा, तो रंग माणसाला आणि जनावराला किती विषारी याचा आहे, माशीचा नाही. दुकानदार "हिरव्या त्रिकोणाचं आहे, काही होत नाही" म्हणाला तर मान डोलावू नका.

अळीच्या औषधासोबत फुलगळीचं टॉनिक, त्यात बुरशीनाशक, वर चिकटद्रव्य, असा चार बाटल्यांचा काढा फुलोऱ्यात माथी मारला जातो. घेऊ नका. पैसा जातो, आणि काय कशात मिसळलं हे कोणालाच ठाऊक नसतं. एक प्रकार तर फार चीड आणतो. पानकापी माशी तुरीच्या, गुलाबाच्या पानाच्या कडेला स्वच्छ अर्धगोल काप घेते आणि ते तुकडे घरट्याला अस्तर म्हणून नेते. झाडाचं त्यानं काही बिघडत नाही. तेच पान दुकानात नेलं की "नवीन अळी आली" म्हणून बाटली हातात येते. कातरीनं कापल्यासारखी नीट कड दिसली आणि पानावर विष्ठा नसली, तर ती आपली माशी आहे. हे ओळखायला पोरांना पाच मिनिटं लागतात.

तुरीतली नेहमीची कामं:
– हेक्टरी ५ कामगंध सापळे, ल्यूर (वासाची गोळी) वेळेवर बदलणे
– एकरी २० पक्षिथांबे
– झाडाखाली पोतं अंथरून झाड हलवणे, पडलेल्या अळ्या वेचणे
– मर रोग लागलेली झाडं उपटून वावराबाहेर
– फुलं धरताना आणि शेंगा भरताना गरजेपुरतं ओलित

काटोल, नरखेडच्या संत्रा बागाईतदारांनी हेच आंबिया बहाराला लावावं. जानेवारी-फेब्रुवारीत फूल उमललं की दिवसा पंप नाही. सायलाचा (कोवळ्या फुटीचा रस शोषणाऱ्या किडीचा) बंदोबस्त नवती फुटताना, फूल उघडण्याआधी करा.

धुरा साफ करताना सगळं जाळू नका. भुंग्याची मादी वाळक्या लाकडात किंवा बांबूत गोल भोक पाडून पिल्लं वाढवते. एखादं वाळकं खोड उभं राहू द्या. पोरांना वीतभर लांबीच्या, एका टोकाला गाठ असलेल्या बारीक बांबूच्या नळ्या कापून द्या. भोक करंगळी जाईल एवढं किंवा त्याहून बारीक. जुडी बांधून पावसाचं पाणी लागणार नाही अशा वळचणीला, उघडी तोंडं पूर्वेकडे करून टांगा. एखादं तोंड पानाच्या तुकड्यांनी किंवा मातीनं बंद झालेलं दिसलं की ती जुडी हलवायची नाही.

शेजारी सकाळीच फवारत असेल तर भांडू नका. त्याच्याही पोरांना वही द्या आणि दहा वाजता तुमच्या तुरीत बोलवा.