गेलेला मुलूख परत आणायचाय? जर-तरचा इतिहास कसा लिहायचा

बहुतेक जर-तरच्या गोष्टी अशा असतात की एक देश हरलेला असतो, सीमेवरचा मुलूख गेलेला असतो, मग एक तडफदार नेता येतो, लढाई होते, झेंडा लागतो, संपलं. एकदा वाचायला मजा येते पण परत उघडावीशी वाटत नाही, कारण त्यात इच्छा एकाच बाजूची असते. मुलूख परत मिळणं म्हणजे कुणीतरी तो सोडणं, आणि त्याने तो का सोडला हे पटलं नाही तर ती गोष्ट म्हणजे नुसता रंगवलेला नकाशा. त्यामुळे लिहायला बसताना वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहा: देणाऱ्याला काय मिळालं? याचं उत्तर दोन ओळीत देता येत नसेल तर पुढे जाऊच नका.

आता फाटा, म्हणजे खरा इतिहास सोडून आपली गोष्ट जिथून वेगळी वळते ती जागा. इथे सगळ्यात जास्त गडबड होते. उदाहरण म्हणून दक्षिण अमेरिकेतला बोलिव्हिया घेऊ, कारण हा देश समुद्र गेल्याचं दुःख अजून सरकारी पातळीवर पाळतो, दर वर्षी २३ मार्चला समुद्रदिन असतो आणि किनारा नसताना नौदलही आहे. १८७८ मध्ये बोलिव्हियाने सोऱ्याच्या निर्यातीवर क्विंटलमागे १० सेंटाव्हो कर लावला, चिलीशी आधी झालेल्या तहात चिलीच्या कंपन्यांवरचा कर वाढवणार नाही असं कबूल केलेलं होतं, त्यावरून पेटलं आणि १८७९ मध्ये चिलीचं सैन्य बोलिव्हियाच्या अँटोफगास्ता बंदरात उतरलं. पेरू बोलिव्हियाच्या बाजूने लढला, दोघंही हरले, बोलिव्हियाचा अख्खा किनारा गेला आणि १९०४ च्या तहाने त्यावर शिक्का बसला.

नवीन लिहिणारा माणूस फाटा लगेच इथे टाकतो, की कर लावलाच नाही. अरे पण मग मुलूख गेलाच नाही, परत काय मिळवणार, ती वेगळीच गोष्ट झाली. दुसरा म्हणतो युद्ध जिंकलं असं दाखवतो, पण समुद्रावरच्या लढाईत बोलिव्हियाकडे सांगण्यासारखं आरमारच नव्हतं आणि अँटोफगास्ता शहरात राहणारे बहुतेक लोक चिलीचेच होते, म्हणजे जिंकायला तुम्हाला आधी आरमार, मग पैसा, मग माणसं असं सगळंच बदलत जावं लागतं आणि चौथ्या बदलाला वाचक म्हणतो की राहू दे आता.

मला विचाराल तर फाटा १९७० च्या दशकात आहे. फेब्रुवारी १९७५ मध्ये चिलीचा पिनोचे आणि बोलिव्हियाचा बान्सेर हे दोन हुकूमशहा चाराना नावाच्या सीमेवरच्या रेल्वे स्टेशनवर भेटले, १९६२ पासून तुटलेले संबंध परत जोडले, आणि वर्षाअखेरीला चिलीने खरोखरच प्रस्ताव दिला की आरिका शहराच्या उत्तरेला, पेरूच्या सीमेला लागून समुद्रापर्यंत जाणारी एक पट्टी बोलिव्हियाला देतो, बदल्यात तेवढीच जमीन आम्हाला दुसरीकडे द्या. पण १९२९ च्या चिली-पेरू करारानुसार तो भाग तिसऱ्या देशाला द्यायचा तर पेरूची संमती लागते. पेरूला विचारलं, त्याने १९७६ मध्ये हो पण नाही आणि नाही पण नाही, तर पट्टीचा किनाऱ्याकडचा भाग तिघांनी मिळून सांभाळायचा असा उलट प्रस्ताव टाकला, चिलीला तो मान्य झाला नाही, आणि १९७८ मध्ये बोलिव्हियाने परत संबंध तोडले. म्हणजे सगळं एका उत्तरावर अडलं होतं. फाटा असा हवा, छोटा, एकाच टेबलावरचा, आणि खऱ्या इतिहासात हाताशी येऊन निसटलेला.

आता पहिल्या पानावरचा प्रश्न लावून बघा. चिलीला काय मिळणार होतं? जमिनीच्या बदल्यात जमीन, हे उघड. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या काळात पेरू सोव्हिएत रणगाडे विकत घेत होता आणि दक्षिणेला अर्जेंटिनाशी बीगल खाडीतल्या बेटांवरून भांडण वाढत होतं, अशा वेळी पेरू आणि आपल्यामध्ये तिसऱ्याच देशाची पट्टी आली तर कुठल्या सेनापतीला आवडणार नाही. म्हणजे पिनोचेला चांगला माणूस दाखवायची गरजच नाही, तो आहे तसाच ठेवा, तो स्वतःच्या फायद्यासाठीच देतोय. पेरूने हो का म्हणावं हे मात्र तुम्हाला बनवावं लागेल, आणि गोष्टीतलं सगळ्यात मेहनतीचं काम तेच आहे. कर्ज? बंदरात वाटा? लष्करातला एक गट पडला आणि दुसरा वर आला? काहीही घ्या, पण एकच घ्या, आणि त्याची किंमत पुढे कुणालातरी मोजायला लावा.

यात एक खोच आहे. युद्धात गेला तो किनारा अँटोफगास्ताचा, आणि मिळणार होती ती पट्टी आरिकाच्या उत्तरेची, जी युद्धाआधी बोलिव्हियाची नव्हतीच, पेरूची होती! म्हणजे शंभर वर्षं शाळेत जो समुद्र शिकवला तो मिळत नाही, दुसराच मिळतो, तोही डोंगरावरची आपली जमीन देऊन. आता विचार करा, ज्या गावाची जमीन बदल्यात गेली तिथला माणूस समुद्रदिनाच्या परेडला कसा जाईल. हा माणूस सापडला की तुमची कादंबरी सापडली. गेलेलं आणि मिळालेलं यात जितका फरक ठेवाल तितकी गोष्ट खरी वाटते, त्यामुळे जुनी सीमारेषा जशीच्या तशी परत आणायचा मोह टाळाच.

एकदा फाटा टाकला की बाकी जग आहे तसं चालू द्यायचं. डिसेंबर १९७८ मध्ये चिली आणि अर्जेंटिना युद्धाच्या उंबरठ्यावर होते, ते तुमच्या गोष्टीतही होऊ द्या, आणि मग बघा पट्टी मिळून दोन वर्षं झालेला बोलिव्हिया काय करतो, गप्प बसतो का चिलीला मदत करतो का अर्जेंटिनाकडून काही कबूल करून घेतो. प्रत्येक घटना तुम्हीच बदलायला लागलात तर तुमच्या एका बदलाचा परिणाम काय झाला हे वाचकाला कधी कळणारच नाही.

आता खरं काम, मुलूख मिळाल्यानंतरचा पहिला सोमवार. झेंडा रविवारी लागला. सोमवारी पोस्टात कुठलं तिकीट चालतं, पगार कुठल्या नोटांत होतो, कोर्टात आधीच सुरू असलेला खटला कुठल्या कायद्याने चालतो, मास्तर कुठल्या भाषेत शिकवतो? हे सुचत नसेल तर फ्रान्स-जर्मनी सीमेवरच्या अल्सास-लॉरेनकडे बघा, तिथे हे सगळं खरंच होऊन गेलंय. १८७१ मध्ये जर्मनीने घेतलं, १९१८ मध्ये फ्रान्सला परत मिळालं, सैनिकांचं स्वागत फुलांनी झालं, आणि लगोलग लोकांना आईवडील कुठले त्यावरून ए, बी, सी, डी अशी ओळखपत्रं वाटली गेली. ए वाल्याला जर्मन मार्कांच्या बदल्यात चांगला भाव, डी म्हणजे जर्मन वंशाचा, आणि त्यातल्या अनेकांना राइनपलीकडे धाडून दिलं. नवरा एका अक्षराचा आणि बायको दुसऱ्या अशी घरं होती. शिवाय इथल्या सुमारे ३ लाख ८० हजार पुरुषांनी पहिल्या महायुद्धात जर्मन गणवेश घातलेला, आता त्या विधवांचं पेन्शन कोण देणार, गावातल्या स्मारकावर कुठल्या देशासाठी मेले असं लिहिणार?

कायद्याची तर अजून मजा. फ्रान्समध्ये चर्च आणि सरकार वेगळं करणारा कायदा १९०५ चा, तेव्हा अल्सास जर्मनीत, त्यामुळे तो तिथे लागूच झाला नाही, आणि १९२४ मध्ये पॅरिसच्या सरकारने लागू करतो म्हटल्यावर एवढा विरोध झाला की माघार घ्यावी लागली. आजही तिथल्या पाद्र्यांचा पगार सरकार देतं आणि २६ डिसेंबरची सुट्टी उरलेल्या फ्रान्सला नसते. आणि रेल्वे बघा, फ्रान्समध्ये गाड्या डाव्या रुळावरून धावतात, अल्सासमध्ये जर्मन पद्धतीने उजव्या, अजूनही, त्यामुळे जुन्या सीमेच्या आसपास एक रूळ पुलावरून दुसऱ्या रुळाच्या पलीकडे जातो आणि गाडीतल्या प्रवाशाला पत्ताही लागत नाही की आपण बाजू बदलली. सीमा पुसून शंभर वर्षं झाली तरी तो पूल तिथे आहे. तुमच्या गोष्टीत असा एक पूल शोधा, म्हणजे दगड-लोखंडाची अशी एक गोष्ट जी तहाला जुमानत नाही.

रेल्वेवरूनच आठवलं, हंगेरी. १९२० च्या ट्रियानोनच्या तहात जुन्या राज्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग गेला, आणि ऑगस्ट १९४० मध्ये जर्मनी आणि इटलीच्या मंत्र्यांनी व्हिएन्नात बसून रोमानियाकडचा उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया परत दिला. नवीन रेषा अशी निघाली की पूर्वेकडच्या हंगेरियन भाषिक सेकेई प्रदेशात जाणारी रेल्वे मध्येच रोमानियात राहिली! मुलूख आपला पण तिथे जायला सलग रूळ नाही, मग डोंगरातून जवळजवळ ४८ किलोमीटरची नवी लाइन टाकली, ती १९४२ च्या अखेरीस सुरू झाली, आणि १९४४ मध्ये तो भागच हातातून गेला. शिवाय त्या मुलखात दहा लाखांहून जास्त रोमानियन लोक होते, म्हणजे एकाची घरवापसी ती दुसऱ्याची फाळणी. आणि देणारा कोण हेही बघा, हिटलरने दिलेला मुलूख हिटलर हरल्यावर टिकत नाही, १९४७ च्या पॅरिस तहाने सीमा परत जुन्या जागी आली. तुमच्या गोष्टीत मुलूख कुणाच्या जोरावर परत आला ते लिहून ठेवा, बिल तोच पाठवणार असतो.

फिनलंडचं मी थोडक्यात सांगतो कारण ते वाचवत नाही. १९४० मध्ये सीमेवरचं कारेलिया सोव्हिएत युनियनकडे गेलं, ४ लाखांवर लोक घरं सोडून आले, १९४१ मध्ये सैन्याने परत घेतलं, पावणेतीन लाखांच्या आसपास लोक परत गेले, छप्परं शाकारली, शेतं पेरली आणि १९४४ मध्ये पुन्हा निघाले. परत मिळणं कायमचं असतं असं कुणी सांगितलं?

सांगायची पद्धत काय ठेवावी, तर सेनापतीच्या डोक्यात शिरू नका, कारकुनाच्या टेबलावर बसा. पट्टीची गोष्ट मी लिहिली तर अशी सुरुवात करीन:

"जकात नाक्यावरचा शिक्का अजून चिलीचाच होता. नवा शिक्का ला पाझहून निघालाय असं तीन आठवडे सांगत होते. म्हातारीने टोपलीवरचं फडकं बाजूला केलं आणि विचारलं, मासे आता परदेशी का स्वदेशी? मी वहीत बघितलं. वहीत तसा रकानाच नव्हता."

पाच-सहा ओळींत राज्य बदललं, आणि एकही भाषण नाही. कागदपत्रांच्या रूपातही छान लिहिता येतं, वेळापत्रक, शाळेची नोटीस, बंदराची पावती, पण सलग चाळीस पानं नोटिसा नकोत, वाचक पळून जातो.

नकाशा सगळ्यात शेवटी काढा. आधी काढला की हात आपोआप सुंदर रेषा ओढतो आणि मग तुम्ही माणसं त्या रेषेत कोंबता. रेषा कशी ठरली त्याचा नियम आधी ठरवा. डेन्मार्क-जर्मनी सीमेवरच्या श्लेस्विगमध्ये कुठल्या देशात राहायचं यावर १९२० मध्ये मतदान झालं तेव्हा उत्तरेच्या विभागात सगळी मतं एकत्र मोजली, सुमारे ७५ टक्के डेन्मार्कला, त्यामुळे टोंडर आणि ओबेनरो ही शहरं, जिथे बहुमत जर्मनीला होतं, ती पण डेन्मार्कमध्ये गेली. दक्षिणेच्या विभागात मात्र मोजणी गावागणिक होती, तिथे ८० टक्के मतं जर्मनीला पडली, फ्लेन्सबर्ग जर्मनीतच राहिलं आणि त्यावरून डेन्मार्कच्या राजाने स्वतःच्या पंतप्रधानाला काढून टाकलं. लोक तेच, मतं तीच, पण मोजायची पद्धत बदलली असती तर सीमा दुसरीकडून गेली असती. तुमच्या देशात मतं कशी मोजायची हे ठरवणाऱ्या समितीत कोण कोण बसलं होतं ते आधी लिहा, मग पेन्सिल हातात घ्या.