पाणथळीवर पक्षी पाहायला जाताना: आदल्या संध्याकाळची तयारी

वसंतात पाणथळीवर पक्षी पाहायला खरा उपयोगी वेळ थोडाच मिळतो. सूर्योदयाआधीचा अर्धा तास आणि नंतरचे दोन-अडीच तास, बस्स. त्यानंतर वारा सुटतो, पाणकणसात वावरणारे छोटे पक्षी खाली दडतात आणि गाणं थांबतं. म्हणून शोधणं, जुळवणं, पुसणं, डाउनलोड करणं हे सगळं आदल्या संध्याकाळी उरकावं.

सुरुवात नकाशापासून. राखीव क्षेत्राचं फाटक किती वाजता उघडतं, परवाना लागतो का, वाहन कुठवर जातं, हे आधी पाहून ठेवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लपणाची (पक्ष्यांना न दिसता बसायच्या आडोशाची) खिडकी कोणत्या दिशेला आहे. सकाळी सूर्य पाठीशी हवा, म्हणजे पूर्वेच्या काठावर बसून पश्चिमेकडे पाहायचं. उलट बसलात तर चकाकत्या पाण्यावर नुसत्या काळ्या आकृत्या दिसतील, आणि काळ्या आकृतीत वारकरी (बदकासारखा पोहणारा काळा पाणपक्षी) नि बदक वेगळं काढतानाही दमछाक होते. जागा खाडीची असेल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक घड्याळापेक्षा वरचढ. भरती पूर्ण होण्याआधी दीड-दोन तास पोचा. पाणी चढू लागलं की चिखलावर पांगलेले पक्षी आपसूक काठाकडे सरकतात. ऐन ओहोटीला गेलात तर तेच पक्षी दूरवर ठिपके होऊन बसलेले असतात.

आता दुर्बीण. ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं) ही पाणथळीसाठी सर्वांत निर्धोक निवड. ४२ भागिले ८ म्हणजे डोळ्यात येणारा प्रकाशाचा गोल सव्वापाच मिलिमीटरचा. १०×४२ मध्ये तो ४.२ वर येतो, आणि पहाटेच्या अंधूक उजेडात हा फरक जाणवतो. शिवाय दहापट मोठं दिसतं तसा हाताचा कंपही दहापट दिसतो. दोन्ही डोळ्यांची जुळणी घरीच करा. तीसेक मीटरवरची बारीक तपशिलाची वस्तू निवडा. उजव्या भिंगावर टोपण ठेवून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग टोपण डाव्या भिंगावर, आणि आता मधल्या चाकाला हात न लावता फक्त उजव्या डोळ्याकडची कडी फिरवा. (बहुतेक दुर्बिणींत ती उजवीकडेच असते.) एक डोळा मिटण्याऐवजी टोपण वापरायचं, कारण मिटताना दुसराही डोळा ताणला जातो आणि जुळणी चुकते. ही कडी पिशवीत घासून सरकते. तिच्या जागी पांढऱ्या पेन्सिलीची बारीक खूण करून ठेवा. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप पूर्ण आत, नसेल तर बाहेर. नाहीतर कडेला काळ्या चंद्रकोरी दिसत राहतात.

भिंग पुसताना आधी फुंकणीनं किंवा मऊ ब्रशनं धूळ उडवा, मगच कापड. वाळूचा एक कण कापडाखाली राहिला की चरा कायमचा. डासांसाठी डीट असलेलं मलम लावणार असाल तर ते दुर्बीण गळ्यात घालण्याआधी लावा आणि तळवे धुऊन घ्या. डीटमुळे प्लास्टिक नि रबर विरघळून चिकट होतं. गारेगार एसी गाडीतून दमट हवेत उतरल्यावर भिंगावर वाफ धरते, म्हणून पोचण्याआधी पंधरा-वीस मिनिटं एसी बंद.

स्कोप (एका डोळ्यानं पाहायची जास्त ताकदीची दुर्बीण) असेल तर ट्रायपॉडसकट घ्या, पण ६० पटीच्या मोहात पडू नका. ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि झूम ती थरथरच मोठी करून दाखवतो. पंचवीस-तीस पटीवर थांबा.

कपडे मातकट, आणि हलताना सळसळ न करणारे. पांढरी टोपी घरीच ठेवा. पहाटे बसून राहायचं असल्यानं एक थर जास्त, नंतर काढता येईल असा. पाणी नि खाणं यात फार डोकं घालायला नको, एवढंच की कुरकुरीत वेष्टनातलं काही नको.

पक्षी ओळखायचं जे पुस्तक घ्याल त्यातल्या पानांवर आधीच खुणा करून ठेवा. वसंतात बरेच पक्षी विणीच्या पिसाऱ्यात येतात: काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याची मान-छाती विटकरी होते, डनलिन या छोट्या चिखलपक्ष्याच्या पोटावर मोठा काळा डाग येतो. हिवाळ्याचं करडं चित्र डोक्यात धरून बसलेला माणूस यांना नवाच पक्षी समजतो. आणि अर्धवट पिसारा बदललेले पक्षी तर कुठल्याच चित्राशी जुळत नाहीत. तिथे रंग सोडा, चोचीची लांबी नि वाक, पायांचा रंग आणि चालण्याची ढब पाहा.

नोंदीसाठी पेन्सिल, कारण दवानं ओल्या झालेल्या कागदावर शाई फुटते. ई-बर्ड हे पक्षीनोंदींचं ॲप वापरत असाल तर त्या भागाची यादी ऑफलाइन उतरवून ठेवा. सुरुवातीची वेळ, एकूण मिनिटं नि चाललेलं अंतर लिहायचं विसरू नका. थवा मोजायचा तर आधी दहा पक्षी नेमके मोजा, तेवढा घास नजरेत धरा आणि थव्यावर तो कितीदा बसतो ते पाहा. सगळी बदकं एकदम उठली तर मोजणी सोडून आधी वर पाहा. बहुधा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आलेला असतो.

ध्वनिमुद्रित हाक वाजवायचा स्पीकर मात्र यादीत नकोच. विणीचा पक्षी तिला प्रतिस्पर्धी समजून घरटं सोडतो, आणि उघड्यावरची अंडी उन्हात थोड्याच वेळात तापतात. शेकाट्या (लांब पायांचा पाणपक्षी) डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागला तर घरटं जवळ आहे. आल्या वाटेनंच मागे फिरा.

शेवटी बूट. तळव्यात अडकलेल्या चिखलातून पाणवनस्पतींचं बी नि गोगलगायींची अंडी एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. आदल्या संध्याकाळी तळवे ब्रशनं घासून पूर्ण वाळवा, आणि परतल्यावर पुन्हा तेच.