फ्रेंच शेकोटी-घड्याळ घरात आहे? मग या चुका टाळा

सगळ्यात जास्त चीड येते ती चिंचेची. दिवाळीची साफसफाई निघाली की पॅरिसहून आलेलं, तिकडे शेकोटीवरच्या फळीवर ठेवायचं शंभर-दीडशे वर्षांचं घड्याळही समईच्या रांगेत बसतं. अहो, पिवळं दिसतं म्हणून ते पितळ नव्हे! जुन्या घड्याळांत ब्राँझवर पाऱ्यात कालवलेलं सोनं चढवून पारा आगीवर उडवत. त्या वाफांनी कारागिरांचे जीव गेलेत.

पुण्यातल्या एका घरी चिंच-मीठ लावून वरची मूर्ती काथ्याने घासली होती. नाकाचं, गुडघ्यांचं सोनं गेलेलं, आत तांबूस धातू उघडा. शिवाय चिंचेचं पाणी गळून खालच्या काळ्या दगडावर पांढुरके ओघळ उठलेले. तो दगड बहुधा बेल्जियमचा चुनखडक असतो, आणि आंबट लागलं की संगमरवराइतकाच खराब होतो. "पॉलिश मारून द्या ना, पाडव्याला पाहुणे येणारेत," असं वर ऐकवलं. दगडाची तकाकी आणता येते हो, सोनं कुठून आणू? मी फक्त कोरडा मऊ ब्रश फिरवतो. काळपटपणा राहिला तर राहू दे.

दुसरं दुखणं: "जागा बदलली आणि बंद पडलं." निम्म्या वेळा यंत्र ठणठणीत असतं. कान लावा. टिक आणि टॉक यांत सारखं अंतर हवं. लंगडत असेल तर थोड्या वेळात थांबणारच. लोक पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारतात. पुढच्या झाडलोटीत ती घडी केराच्या टोपलीत. आधी घड्याळ सपाट ठेवा, मग तबकडीची कड धरून आख्खं यंत्र केसभर फिरवा आणि पुन्हा ऐका. जास्तच सैल फिरलं, तर मागचे दोन लांब स्क्रू ढिले झालेत, ते आवळा. नाहीतर चावी देतानाही ते फिरत राहील. एवढा धीर नसेल तर क्वार्ट्झचं घ्या.

हलवताना लंबक आधी काढा. वर त्याला धरणारी पोलादी पट्टी कागदासारखी पातळ असते.

बाराच्या जवळचं बारीक भोक चावी भरायचं नाही, वेग बदलायचं आहे. A कडे वळवलं की पळतं, R कडे रेंगाळतं.

काटे उलटे फिरवू नका. टोले चुकत असतील आणि मागे खाचांचं चक्र दिसत असेल, तर शेजारची तरफ हलकेच उचलून टोले पुढे न्या.

गंजावर मारायचा स्प्रे यंत्रात? नाही म्हणजे नाही. तो धुळीचा चिकटा करतो.

लंबक हरवला म्हणून जुन्या बाजारातला कुठलाही टांगू नका. मूळ लंबकावर बहुधा यंत्राचाच क्रमांक ठोकलेला असतो. तो नसेलच, तर यंत्राच्या मागच्या पत्र्यावर खाली पाहा. तिथे बऱ्याचदा दोन सुटे आकडे असतात, समजा 5 आणि 6. ती लंबकाची लांबी, जुन्या फ्रेंच इंचांत: पहिला आकडा इंचांचा, दुसरा इंचाच्या बाराव्या भागांचा; एक इंच साधारण 27 मिलिमीटरचा. ते आकडे लिहून घेऊन मगच बाजारात जा.