सेकंडहँड गाडीची दुसरी किल्ली कशी प्रोग्रॅम करून घ्यावी

सेकंडहँड गाडी घेतली आणि हातात एकच किल्ली आली, तर सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम सगळं नंतर. आधी दुसरी किल्ली करून घ्या. एक चालू किल्ली हाताशी असताना दुसरी करणं हे बहुतेक गाड्यांचं तासाभराचं काम आहे. ती एकुलती एक किल्ली हरवली, की गाडी टो करून न्यावी लागते, काही गाड्यांत डॅशबोर्डखालचं, किल्ल्या ओळखणारं इलेक्ट्रॉनिक युनिट खोलावं लागतं आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

मी स्वतः हे काम चार महिने लांबवलं. शेवटी किल्लीवाल्याने गाडीला स्कॅनर जोडला, तेव्हा त्याच्या पडद्यावर ओळ आली: नोंदलेल्या किल्ल्या, ४. माझ्या हातात एक होती. उरलेल्या तीन कुठे आहेत, कोणाकडे आहेत, मला काहीच माहीत नव्हतं. विकणाऱ्याने लपवलं असेल असं मला वाटत नाही. त्यालाही आधीच्या मालकाकडून एकच मिळाली असेल. पण ते चार महिने गाडी रोज रात्री रस्त्यावर उभी होती, आणि तीन अनोळखी किल्ल्यांना ती ओळखत होती. म्हणून सांगतो, जुन्या गाडीच्या बाबतीत नवी किल्ली जोडणं हे अर्धं काम. जुन्या किल्ल्यांची नोंद गाडीच्या मेमरीतून पुसणं हे उरलेलं अर्धं.

आधी आपली किल्ली ओळखा

आजच्या किल्लीत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र असतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. धातूचं पातं कुलूप फिरवतं. प्लास्टिकच्या डोक्यात बसवलेली चिप इंजिनाला परवानगी देते. बटणांचा रिमोट दारं उघडतो. या तिघांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. चिपला सेल लागत नाही: इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं एक वेटोळं असतं, त्यातून साधारण १२५ किलोहर्ट्झचा सिग्नल निघतो, त्याच ऊर्जेवर चिप जागी होते आणि आपली ओळख सांगते. ओळख पटली नाही, तर इमोबिलायझर, म्हणजे ही ओळख तपासणारी गाडीतली यंत्रणा, इंजिन चालू होऊ देत नाही. म्हणूनच रिमोटचा सेल पूर्ण संपला तरी गाडी सुरू होते, आणि पातं हुबेहूब कापलं तरी चिपशिवाय ती सुरू होत नाही.

युरोपीय संघात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला, ऑस्ट्रेलियात जुलै २००१ पासून, कॅनडात सप्टेंबर २००७ पासून. तरीही आपल्या गाडीत तो आहे का, याची शंका असेल तर डॅशबोर्ड बघा. इग्निशन ऑन केल्यावर किल्लीचं किंवा कुलूप लावलेल्या गाडीचं चिन्ह क्षणभर पेटून विझतं का? तेच इमोबिलायझरचं चिन्ह. दुसरा उपाय घरचा आहे: किल्लीच्या डोक्याला अ‍ॅल्युमिनियम फॉइल घट्ट गुंडाळून गाडी सुरू करून बघा. स्टार्टर फिरलाच नाही, किंवा इंजिन सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडलं, तर आत चिप आहे.

कागद आणि कोड जमवा

गाडी तुमच्या नावावर झाल्याचं नोंदणीपत्र आणि तुमचं ओळखपत्र सोबत ठेवा. चांगला किल्लीवाला हे मागतोच. जो काहीही न विचारता किल्ली बनवून द्यायला तयार होतो, त्याच्याकडे मी जाणार नाही. चासी नंबर लिहून घ्या, पुढच्या काचेखाली किंवा दाराच्या चौकटीवर तो सहसा सापडतो. मग विकणाऱ्याला एक फोन करा आणि किल्लीबरोबर आलेला धातूचा किंवा प्लास्टिकचा छोटा बिल्ला मिळतो का विचारा. त्यावर किल्लीचा नंबर असतो. लोक तो कचरा समजून फेकतात किंवा मॅन्युअलच्या पाकिटात विसरतात, म्हणून ग्लोव्ह बॉक्सही उलटापालटा करून बघा. मॅन्युअलमध्ये इमोबिलायझरचा पिन (गुप्त कोड) असलेलं कार्ड सापडलं, तर निम्मं काम झालंच.

कोणाकडून करून घ्यायची

कंपनीचं सर्व्हिस सेंटर चासी नंबरवरून बरोबर किल्ली मागवतं, फक्त वेळ आणि पैसे दोन्ही जास्त लागतात. मोटारींच्या किल्ल्यांचंच काम करणारा, स्वतःचं प्रोग्रॅमिंगचं यंत्र असलेला किल्लीवाला बहुतेक गाड्यांना पुरतो आणि बऱ्याचदा दारात येऊन काम करतो. फोनवर गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून तीन गोष्टी स्पष्ट विचारा: चिप मिळेल का, रिमोट चालेल का, आणि जुन्या किल्ल्या पुसून देणार का. काही गाड्यांत मालकाला घरच्या घरी किल्ली जोडता येते, पण बहुधा त्यासाठी दोन चालू किल्ल्या लागतात. ज्याच्याकडे एकच आहे, त्याला तो रस्ता बंद.

किल्लीवाला ‘क्लोन करून देतो’ म्हणाला, तर थांबून विचार करा. क्लोन म्हणजे जुन्या चिपची ओळख नव्या चिपमध्ये जशीच्या तशी उतरवणं. गाडीला त्या दोन किल्ल्या एकच वाटतात. गाडी सुरू होईल, पण उद्या एक हरवली तर फक्त तेवढी पुसता येणार नाही, आणि आधीच्या मालकांच्या किल्ल्या चालूच राहतील. जुन्या गाडीसाठी मी नेहमी गाडीच्या मेमरीत नवी किल्ली जोडण्याचाच आग्रह धरेन.

स्वतः कोरी किल्ली मागवणार असाल, तर पार्ट नंबर आणि रिमोटची फ्रिक्वेन्सी तपासा. दिसायला अगदी सारख्या दोन किल्ल्यांपैकी एक ३१५ मेगाहर्ट्झची आणि दुसरी ४३३ ची असू शकते. दुसऱ्या गाडीची वापरलेली स्मार्ट की (खिशात ठेवून बटणाने गाडी सुरू करायची किल्ली) तर शक्यतो घेऊच नका. बऱ्याच कंपन्यांच्या अशा किल्ल्या एकदा एका गाडीला बांधल्या, की दुसरीला लागत नाहीत.

कापणं

हातातली किल्ली नीट न्याहाळा. वर्षानुवर्षं वापरून दाते गोल झालेले असतात. तिच्यावरून नक्कल केली, तर झीजही नकलेत उतरते आणि नवी किल्ली पहिल्या दिवसापासून अडकते. किल्लीचा नंबर मिळाला असेल, तर त्या कोडवरूनच पातं कापून घ्या. प्रोग्रॅमिंगआधी ते दारात, डिक्कीत आणि इग्निशनमध्ये फिरवून बघा. जोर लावावा लागला, तर तिथेच परत द्या.

प्रोग्रॅमिंग

गाडीची बॅटरी चांगली चार्ज असू द्या. हे काम चालू असताना इग्निशन बराच वेळ ऑन राहतं, आणि मध्येच व्होल्टेज पडलं तर इमोबिलायझरमधली नोंद अर्धवट राहू शकते. बॅटरी जुनी असेल तर चार्जर जोडून ठेवायला सांगा. यंत्र स्टेअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडी तपासायच्या यंत्रांसाठीच्या जोडणीला, लागतं. काही गाड्या इमोबिलायझरचा पिन मागतात, आणि तो सारखा चुकला तर ठरावीक वेळेसाठी स्वतःला बंद करून घेतात; अंदाजाने आकडे टाकणाऱ्याला लगेच थांबवा.

आता मुख्य गोष्ट. सुरू करण्याआधी नोंदलेल्या किल्ल्यांचा आकडा विचारा; बऱ्याच गाड्यांत तो पडद्यावर दिसतो. मग सगळ्या पुसून, तुमच्या हातातल्या दोन्ही पुन्हा नोंदवायला सांगा. दोन्ही किल्ल्या सोबत हव्यात, कारण घरी राहिलेली किल्लीही पुसली जाईल. शेवटी आकडा पुन्हा बघा. माझ्या गाडीत तो ४ वरून २ झाला, तेव्हा कुठे ती गाडी माझी झाल्यासारखं वाटलं.

एक ध्यानात ठेवा: पुसलेल्या किल्लीने इंजिन सुरू होत नाही, पण तिचं पातं दाराचं कुलूप उघडतंच. ती भीती असेल, तर कुलपंच बदलावी लागतात.

किल्लीवाला जाण्याआधी

जुनी किल्ली दूर ठेवून फक्त नवीने गाडी सुरू करा. जवळ असली, तर जुनीच्या चिपवर गाडी सुरू होऊन नवी चालते असा भास होऊ शकतो. निदान मिनिटभर इंजिन चालू द्या, बंद करा, असं तीनदा. रिमोटचं प्रत्येक बटण दाबा, कारण रिमोट चिपपासून वेगळा जोडावा लागतो आणि नेमका तोच राहतो. स्मार्ट की असेल, तर तिच्या पोटातलं लपवलेलं पातं ओढून दारात फिरवून बघा, आणि सेल संपल्यावर ती स्टार्ट बटणाला किंवा कन्सोलमध्ये नेमकी कुठे टेकवायची, ते विचारून घ्या.

किल्लीचा नंबर आणि पिन बिलावर लिहून घ्या आणि ते बिल गाडीत नव्हे, घरी ठेवा. स्पेअर किल्लीही ड्रॉवरमध्ये विसरू नका. महिन्यातून एक दिवस गाडी तिच्यावर चालवा, म्हणजे रिमोटचा सेल मरत आला तर तो गरजेच्या वेळी नाही, आधीच कळेल.