बदल औषधाचा की वाराचा? पीसी९ पेशींवर आरएनए-सीक करणाऱ्या नवख्यांसाठी

आरएनए-सीक म्हणजे पेशीतला कोणता जीन किती चालू आहे हे आरएनए वाचून मोजणं. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या संशोधनात नवीन असाल तर पीसी९ (त्या कर्करोगाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी) आणि ईजीएफआर हे प्रथिन रोखणारं औषध ओसिमर्टिनिब यांपासून सुरुवात करा. या पेशींत ईजीएफआरच्या जीनमधल्या एक्झॉन १९ या भागाचा एक तुकडा गळालेला (डिलीशन) असतो, त्यामुळे काय दिसायला हवं ते आधीच ठाऊक असतं: औषध लागू पडलं की डीयूएसपी६ आणि एसपीआरवाय४ हे ईजीएफआरच्या इशाऱ्यावर चालणारे जीन ठळकपणे उतरतात. ते उतरले नसतील तर पुढचा एकही आलेख काढू नका. आधी औषधाचा स्टॉक आणि नळ्यांवरची लेबलं तपासा.

आता महिने खाणारी चूक. कंट्रोलच्या तीन नळ्यांतून सोमवारी आरएनए काढला आणि औषधाच्या तीन नळ्यांतून गुरुवारी. डीईसेक२ (दोन गटांत कोणते जीन बदलले ते शोधणारा प्रोग्राम) च्या डिझाइनमध्ये, म्हणजे कोणते घटक मोजायचे त्या सूत्रात, फक्त उपचार लिहिला, तर प्रोग्राम मुकाट्याने चालतो आणि जीनची लांबलचक यादी हातात देतो. त्यातले औषधामुळे किती बदलले आणि दिवस, किट, हात बदलल्यामुळे किती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. डिझाइनमध्ये बॅच (नमुना कोणत्या खेपेत केला ते) घातली की मॅट्रिक्स 'फुल रँक' नसल्याची, म्हणजे बॅच आणि उपचार वेगळे करता येत नसल्याची, एरर येते. ती टाळायला बॅच काढून टाकू नका. प्रयोगाबद्दल खरं बोलणारी तेवढी एकच ओळ आहे. 'कॉम्बॅट (बॅचचा फरक काढणारा प्रोग्राम) चालव, बॅच निघून जाईल' म्हणणारे सीनियर भेटतात. इथे त्यांचं ऐकू नका. बॅच आणि उपचार एकच असताना बॅच पुसली की औषधाचा परिणामही पुसला जातो.

म्हणून प्रत्येक खेपेत जोडी हवीच. तीन वेगळे आठवडे, वेगळे पॅसेज (पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या फेऱ्या). दर वेळी एक प्लेट औषधाची आणि एक नुसत्या डीएमएसओची (औषध ज्यात विरघळवतात तो द्रव), दोन्हींत त्याचं प्रमाण सारखंच, समजा ०.१ टक्के. दोन्ही २४ तासांनी, आरएनए एकाच दिवशी. शून्य तासाचा कंट्रोल चालत नाही, कारण दिवसभरात पेशी दाटतात, मीडिया जुना होतो आणि तेही जीनमध्ये उमटतं. एकाच फ्लास्कमधून एकाच दिवशी भरलेल्या तीन वेल म्हणजे तीन रेप्लिकेट (स्वतंत्र पुनरावृत्ती) नव्हेत.

डिझाइन: बॅच अधिक उपचार. इनपुट कच्चे काउंट (प्रत्येक जीनचे मोजलेले तुकडे), टीपीएम (जीनची लांबी आणि एकूण तुकडे धरून बदललेले आकडे) नाही.

डीईसेक२ ज्या भाषेत चालतं ती आर ही प्रोग्रामिंगची भाषा येत नाही म्हणून घाबरू नका. पंधरा-वीस ओळींचं काम आहे, आठवड्यात जमतं. टीसीजीए या कर्करोगाच्या खुल्या डेटासंग्रहातला एलयूएडी (फुप्फुसाच्या अॅडेनोकार्सिनोमाचा) डेटा मात्र औषधाचा प्रतिसाद शोधायला उघडू नका. तिथले बहुतेक नमुने उपचाराआधीच्या गाठींचे आहेत.

चूक आधीच झाली असेल तरी सगळं बुडालं नाही. यादीतले आठ-दहा जीन निवडा, औषध आणि कंट्रोल अशा तीन नव्या जोड्या करा आणि क्यूपीसीआर (मोजक्या जीनचा आरएनए मोजणारी चाचणी) लावा. डीयूएसपी६ त्यात असू द्या.